मैल्याच्या आगीवरची घागर

आमच्या घराला वास येतो, असं नातेवाईक म्हणत. मला तो कधीच आला नाही. मला आठवतो तो संध्याकाळी बाबा परसातल्या नळाखाली अंग घासायचे तेव्हाचा लाल साबणाचा वास, ओल्या फरशीचा, सायकलीच्या तापलेल्या सीटचा. उन्हाळ्यात ते सगळं मिसळून एक वेगळंच काहीतरी व्हायचं. आजही कुठं अचानक ते नाकाशी आलं तर मी चालता चालता थांबते आणि थोडा वेळ मला माझं वय आठवत नाही.

बाबा शहराच्या पूर्व टोकाला, सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रावर कामाला होते. सगळ्या नागपूरचं मैलापाणी तिथं जायचं. पाणी निवळून पुढं जाई आणि खाली उरलेला काळा, दाट गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरून वाळवत. त्या वाफ्यांची देखरेख बाबांकडे होती. वस्तीतले लोक त्या जागेला सरळ ‘मैल्याचा कारखाना’ म्हणत. बाबांना त्याचा राग येत नसे. कारखानाच आहे म्हणत, फक्त माल काय निघतो ते अजून ठरायचं आहे.

मला सुट्टी असली की ते कधी कधी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिकडे नेत. मी त्या वेळी कॉलेजात जाऊ लागले होते आणि कॅरिअरवर बसायची मला लाज वाटायची, पण तरी जायची. चैत्र-वैशाखातलं ऊन असं असायचं की दूरची झाडं जमिनीपासून सुटून हवेत तरंगायची. वाफ्यांवरचा गाळ तोवर पार वाळलेला असे. त्याला भेगा पडून चौकोनी वड्या झालेल्या असत आणि वड्यांच्या कडा वर वळलेल्या. घाण अशी उरलेलीच नसे. बाबा एक वडी उचलून माझ्यापुढे धरत आणि म्हणत, ‘‘पाय बरं, किती हलकी झाली!’’ ती सुकल्या तळ्यातल्या मातीसारखी लागायची. मी तिथं आंब्याखाली बसून राही आणि बाबा त्या तरंगत्या उन्हात वाफ्यावाफ्यानं फिरताना दिसत, कधी पायांसकट, कधी पायांशिवाय. त्या दुपारी खरंच इतक्या लांब होत्या, की मीच त्या आठवून आठवून लांबवल्या, ते आता सांगता येत नाही.

हे सगळं त्या वर्षांतलं, जेव्हा रॉकेलसाठी सकाळपासून डबे रांगेत ठेवावे लागत आणि दगडी कोळसा आला की गल्लीत बातमी पसरे. त्याच सुमारास एका प्रयोगशाळेतले चष्मेवाले तरुण साहेब केंद्रावर येऊ लागले. त्यांच्या डोक्यात असं होतं, की हा वाळलेला गाळ नुसता खत म्हणून द्यायचा कशाला? त्याच्यात आग आहे, ती काढावी. त्यांनी एक लोखंडी पिंप बनवून घेतलं. त्यात वड्या भरायच्या, झाकण घट्ट लावायचं, हवा आत जाऊ द्यायची नाही आणि खालून तापवायचं. बाबा मला समजावत, ‘‘आत ते जळत नाही वं, शिजते. शिजता शिजता वाफेसारखा गॅस निघते. तो नळीनं परत पिंपाच्या खाली आणून पेटवायचा. मंग लाकडं कायले पायजेत? त्याचं तेच चालते.’’ शेवटी पिंपात काळा, ठिसूळ कोळसा उरे. तो वेगळा वापरायचा.

हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते होत नसे. कधी वड्या ओल्या निघत आणि नळीतून नुसतं पाणी ठिबके. कधी नळीत डांबर बसून ती तुंबे. एकदा साहेबांनी वाकून पाहिलं आणि त्याच क्षणी गॅस पेटला. त्यांच्या भुवया गेल्या. त्यानंतर काही दिवस ते इतके गोंडस दिसत होते की बाबा त्यांच्याकडे न बघता बोलत. घरी जेवताना बाबा वाटीवर वाटी पालथी घालून आईला पिंप दाखवत आणि आई म्हणे, ‘‘वरण थंडं होऊन राह्यलं. तुमचा कारखाना उद्या चालवजा.’’

पण एका संध्याकाळी ते चाललं. मी तिथं होते. साहेबांनी खालची लाकडं ओढून घेतली आणि आम्ही सगळे नळीकडे पाहत उभे राहिलो. नळीच्या तोंडाशी ज्योत होती, ती थरथरली, बसली, आणि मग पुन्हा उठून शांतपणे जळत राहिली. धूर जवळजवळ नाहीच. सूर्य मावळत होता आणि त्या ज्योतीचा रंग आभाळात मिसळत होता. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती, देवळात गेल्यासारखी. मला आयुष्यात नंतर पुष्कळ दिवे, रोषणाया पाहायला मिळाल्या, पण मन इतकं हलकं मला फार कमी वेळा वाटलेलं आहे.

त्यानंतर बाबांच्या बोलण्याला काही ताळतंत्रच उरलं नाही. ‘‘धरमपेठेतल्या बाया नाक मुरडतात ना? त्याह्यचंच त्याह्यच्या चुलीत घालतो का नाही पाय.’’ आई म्हणे, आधी आपल्या चुलीत घाला. आणि खरोखरच बाबांनी कोळसा आणला आणि आईनं, तोंड वाकडं करत का होईना, त्यावर भाकरी भाजली. भाकरीसारखी भाकरी. मला वाटतं, त्या दिवशी बाबा तिच्या नव्यानं प्रेमात पडले असावेत.

बाहेर मात्र तसं झालं नाही. साहेबांच्या ओळखीचा वाडीच्या बाजूला, ट्रक थांबतात तिथं, एक चहावाला होता. त्यानं तो कोळसा काही दिवस जाळला. आच चांगली लागते म्हणून खूशही होता. मग कुणीतरी ड्रायव्हरांना सांगितलं, हा कोळसा कशाचा आहे. त्यांनी चहा ओतून दिला आणि पुन्हा त्या टपरीवर थांबले नाहीत. साहेब म्हणाले, सांगायलाच नको होतं. बाबांना ते पटलं नाही. घरी येऊन ते आईला म्हणाले, ‘‘लपवून देलं त ते चोरीच झाली ना. सांगून देवाव. ज्याले घ्यायचं तो घेईन.’’

शेवटचा प्रयोग कुंभाराबरोबर झाला. केंद्राच्या आवारातच एक छोटी भट्टी बांधली, कुंभारानं कच्ची मडकी दिली आणि ती पिंपातल्या कोळशावर भाजली. बरीच तडकली. थोडी चांगली निघाली. त्यातली एक घागर बाबा सायकलवरून एका हातानं कवटाळून घरी घेऊन आले. लाल, गोल, आणि पोटावर राखेच्या रंगाचा एक निळसर डाग. दारातूनच त्यांनी तिच्यावर बोटाचं पेर वाजवून दाखवलं. थंडीचे दिवस होते, नव्या घागरीचं काम नव्हतं, म्हणून आईनं ती माळ्यावर ठेवली. उन्हाळ्यात काढू म्हणाली.

तो उन्हाळा बाबांनी पाहिला नाही. पौषात एका सकाळी ते परसातल्या नळाशी बसले आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. साहेब आले होते. ते आमच्या ओट्यावर बसून एखाद्या मुलासारखे रडले आणि त्यांना पाणी देताना मला वाटलं, मीच मोठी झाले आहे.

आता मोठ्या बाबांबद्दल सांगायला हवं. म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गावी संत्र्याची बाग सांभाळायचे. माल घेऊन शहरात आले की आमच्याकडे येत, पण ओट्यापर्यंतच. बाबा मैल्याच्या कामावर लागले तेव्हापासून त्यांनी आमच्या घरचं पाणी सोडलं होतं. खांद्याला पाण्याची छागल, जाड कापडाची पिशवी, असे. ती खिळ्याला टांगत, तिच्यातलं पाणी पीत, गप्पा मारत, माझ्या हातावर संत्री ठेवत आणि निघून जात. बाबा दर वेळी विचारत, ‘‘दादा, पाणी?’’ ते दर वेळी म्हणत, ‘‘हाये मायापाशी.’’ भांडण नव्हतं, कधी आवाज चढला नाही. पिढ्यानपिढ्या हे काम ज्यांच्या माथी मारलं गेलं, त्यांना तर असल्या माणसांनी ओट्यावरही बसू दिलं नसतं, हे मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. तेव्हापासून मला त्या छागलीकडे बघवत नसे. पण संत्री मी खायची. गोड असायची, काय करणार.

आमच्या घराण्यात अशी रीत, की माणूस गेल्यावर जी पहिली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, त्या दिवशी घरातला वडील माणूस नवी घागर भरतो, गेलेल्याच्या नावानं पाणी सोडतो, त्याला हाक मारतो आणि त्याच घागरीतलं पाणी सर्वांच्या आधी स्वतः पितो. मग तो माणूस पितरांत मिळाला. तोवर तो बाहेरच, उंबऱ्याशी ताटकळत. मी या गोष्टी मानत नाही, असं तेव्हा मैत्रिणींना सांगत असे. पण आई दिवेलागणीला दाराकडे पाहून थोडी थांबायची, तेव्हा मीही दाराकडे पाहायची. बाबांना आत घ्यायचं होतं आणि ते एकाच माणसाच्या हातात होतं. त्या माणसानं आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं होतं.

मोठे बाबा अखजीच्या आदल्या दुपारी आले. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आई डोक्यावरून पदर घेऊन आतल्या दाराशी उभी राहिली. ती त्यांच्याशी कधी थेट बोलत नसे. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची पद्धतच नव्हती. जे सांगायचं ते ती मला सांगे आणि मोठे बाबा ते ऐकूनही मी पुन्हा सांगितल्यावरच उत्तर देत. उद्याची तयारी दिसत होती, पळसाच्या पत्रावळी, टोपलीत आंबे. अखजीच्या आधी आमच्याकडे आंब्याला हात लावत नसत. आणि कोपऱ्यात, माळ्यावरून काढून पाण्यानं भरून भिजायला ठेवलेली ती घागर.

मोठे बाबा या वेळी ओट्यावर न थांबता आत आले. भावाचं घर पाहिलं. घागरीपाशी वाकले, तिच्यावर बोट वाजवलं. कुंभाराइतकीच शेतकऱ्यालाही मडक्याची पारख असते. ‘‘चांगली भाजली हाये,’’ ते म्हणाले. ‘‘कुठची?’’

माझ्या तोंडात ‘बाजारातली’ हा शब्द आलाच होता. तेवढ्यात आईचा आवाज आला, सरळ, त्यांच्याकडे.

‘‘तुमच्या भावानं भाजली. मैल्याच्या आगीवर.’’

ते तिच्याकडे पाहतच राहिले. काय ऐकलं त्याचं जास्त नवल, की कुणी सांगितलं त्याचं, कोण जाणे. हात त्यांनी घागरीवरून उचलला आणि दुपट्ट्याला पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तुह्या मायले म्हण, दुसरी आणा. या घागरीले माया हात लागणार नाही.’’

‘‘त्याह्यची घागर हेच हाये,’’ आई म्हणाली. ‘‘दुसरी येणार नाही.’’ आणि ती आत गेली.

मला आईचा इतका संताप आला! एक शब्द खोटा बोललो असतो तर काय बिघडलं असतं? मोठ्या बाबांनी भरली असती, प्यायले असते, बाबा आत आले असते. मी आत जाऊन हेच सगळं तिला म्हटलं. ती पुरण वाटत होती. वाटतच राहिली. म्हणाली, ‘‘त्याह्यच्या नावानं कोणी फसून पाणी प्यायलं, त त्याह्यले गोड लागन काय?’’ मी बाहेर आले. मोठे बाबा ओट्यावर बसले होते, पाठ आमच्याकडे करून. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी म्हणाले, ‘‘ज्या जागेपायी भावाच्या घरचं पाणी सोडलं ना तुम्ही? एकदा ते ठिकाण तरी पाहून घ्या.’’

मला वाटलं, चिडतील. ते उठले आणि चप्पल घालू लागले. कदाचित त्या घरात, पाठीमागं आई गप्प असताना, बसून राहणं त्यांना जड गेलं असेल.

सायकलरिक्षानं आम्ही गेलो. पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि ती मला ठाऊक असलेली सोनेरी धूळ सगळीकडे भरून राहिली होती. मोठ्या बाबांनी दुपट्टा नाकाला धरला होता. मी त्यांना वाफ्यांच्या कडेकडेनं नेलं. काही वाफ्यांवर गाळ अजून ओला होता, काहींवर वड्या झाल्या होत्या. ते मधेच खाली बसले आणि एक वडी चपलेनं उलटून पाहिली. मग हातात घेतली. शेतकरी माणूस, बोटांत चुरून पाहिल्याशिवाय राहवेना. दुपट्टा कधी नाकावरून खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. चौकीदार लांबून पाहत होता. त्यानं ओळखलं असावं, कारण मोठे बाबा चालायचे तंतोतंत बाबांसारखे, डावा खांदा थोडा पुढं. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं आणि क्षणभर मला त्या धुळीत कोण चाललंय ते कळेना.

पिंप त्या दिवशी लावलेलं होतं. साहेबांनी काम थांबवलं नव्हतं. बाबांच्या जागी आलेल्या माणसानं नुकतंच झाकण काढून कोळसा जमिनीवर ओढला होता आणि तो पाणी आणायला गेला होता. हवा लागल्यावर निखारे, गावाकडच्या बोलीत इस्तू, फुलले होते. लाल, कडेला थोडे पांढरे.

मोठे बाबा तिथं उभे राहिले. मग त्यांनी खिशातून बिडी काढली. आगपेटी चाचपली, ती रिकामी होती. आणि मग त्यांनी जे केलं ते ते आयुष्यभर शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी बसून, करत आले असणार. उकिडवे बसले, दोन काड्यांत एक निखारा धरला, बिडीला लावला आणि डोळे मिटून ओढला.

दुसरा झुरका घेताना ते थबकले. बिडीकडे पाहिलं. निखाऱ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती कठीण गेलं, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. तोंडात गेलेलं काही थुंकता येत नव्हतं. धूरच तो. गेला होता.

त्यांनी बिडी टाकली नाही. सावकाश, शेवटपर्यंत ओढली. सूर्य वाफ्यांच्या पलीकडे टेकला होता. ते निखाऱ्यांकडे पाहत, हळूच, शेजारी कुणी पुरुष बसला असावा तसं म्हणाले, ‘‘इस्तू त इस्तूच राह्यते गा.’’ मी मागं उभी होते. त्यांना माझी आठवण नव्हती.

घरी आल्यावर ते ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, ‘‘तुह्या मायले सांग, सकाळी घागर भरतो.’’

‘‘हीच?’’

‘‘हेच.’’

पिण्याचं ते काही बोलले नाहीत. आईनं आतून ऐकलं होतं. तिनंही विचारलं नाही. पण भरणं वेगळं आणि पिणं वेगळं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी आईनं उद्याच्या चिंचवणीत, चिंचेच्या पन्ह्यात, गूळ दोनदा घातला.

सकाळी मोठ्या बाबांनी आमच्याच नळावर अंघोळ केली. पाटावर बसले. घागर रिकामी करून ताज्या पाण्यानं भरली, तिच्या गळ्याला सूत बांधलं, तोंडावर आंबा ठेवला. पत्रावळीवर पुरणपोळी, कुरडया, सगळं मांडलं होतं. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन सोडलं. मग आंबा बाजूला करून पेला बुडवला. घागर धरलेला त्यांचा दुसरा हात त्या निळसर डागावर होता. पेला वर आला. आई दाराशी उभी होती आणि पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

त्यांनी उघड्या दाराकडे तोंड करून बाबांना हाक मारली.

ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते शाळेत घातलेलं नाव नव्हतं, कामावरचंही नव्हतं. गावी, लहानपणी, बैलांमागं धावताना एका भावानं दुसऱ्याला मारायची ती हाक होती ती, अर्धं नाव आणि अर्धा लाड. आईनंही ते ऐकलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘‘ये गा,’’ ते म्हणाले, ‘‘ये, घरात ये,’’ आणि पेला तोंडाला लावून त्यांनी तो रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

बाबांना त्या नावानं हाक मारणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं, आणि बाबांच्या हयातीत ते आमच्या ओट्याच्या आत आलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. मग मी पुढं झाले आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.